मोजणीच्या वर्षाचं पाणी

७ फेब्रुवारी

ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर माझ्यामागे यंत्रांची घरघर असते, तू नुसतं "हं, हं" करतोस, आणि फोन ठेवल्यावर काय ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. म्हणून लिहायला बसले. पत्रातून तुला "मीटिंग आहे" म्हणून पळता येणार नाही.

बातमी अशी की आपली टाकी चालली! कापड रंगवलं की ते पुन्हापुन्हा धुवावं लागतं, हे तू पाहिलंयस. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ नितळच असतं, आणि इतकी वर्षं आम्ही ते सरळ गटारात सोडत होतो. आता ते टाकीत साठवते आणि पुढच्या मालाच्या पहिल्या धुण्याला वापरते. सकाळी पिवळा घ्यायचा, मग लाल, मग निळा. गडद रंगाला थोडं मळकं पाणी चालून जातं. मुकादम महिनाभर "बाईंचं उष्टं पाणी" म्हणून हसत होता. आता कुणी आलं की तोच पुढे होऊन टाकी दाखवतो, जशी काही त्याच्या डोक्यातून निघाली! पंपावरच्या मीटरचा आकडा एक तृतीयांशानं उतरलाय. मीटर वाचणारा माणूस दोनदा काच पुसून बघून गेला.

गल्लीतल्या सगळ्या रंगारखान्यांचे पंप जमिनीखालच्या एकाच पाण्यावर चालतात, तेव्हा मी वाचवलेलं पाणी समोरचा जांभळ्या उपसणार हे मला कळतं. जांभळ्या आठवतो ना? धंद्याच्या पहिल्या वर्षी त्याचा प्रत्येक रंग जांभळाच निघायचा. आता केवढा मोठा कारखाना झालाय, पण नाव काही पुसलं गेलं नाही. माझ्या हाताखाली तयार झालेला रंगारी त्यानं फोडून नेला, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही आणि बोलणारही नाही.

तू नियोजन खात्यात बसून पाणी वाचवण्यावर जाडजूड अहवाल लिहितोस. त्यात बहिणीची टाकी घाल आणि मला एक शाबासकी दे. दुसरी टाकीही मनात आहे.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

शाबास. अगदी मनापासून. तुझं पत्र हिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या घरात कामाची अक्कल सगळी ताईंच्या वाट्याला गेली. मी वाद घातला नाही.

तुला एक सांगायला हवं. तुमच्या भागातल्या जमिनीखालच्या पाण्याचा आराखडा आमच्याच टेबलावर आलाय. कुणी किती उपसायचं ते त्यात ठरेल. माझी सख्खी बहीण तिथे रंगारखाना चालवते, हे मी पहिल्याच दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काम करा, मत देऊ नका, आणि घरी एक अक्षर बोलू नका." तेव्हा या विषयावर माझ्या तोंडाला कुलूप आहे असं समज.

दुसऱ्या टाकीची मात्र घाई करू नकोस. एवढं वर्ष जाऊ दे, पुढच्या वर्षी कर. का ते विचारू नकोस.

ढब्बू

२८ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझं पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. घाई करू नकोस! हे गेले तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. दारात उभं राहून, हातात रुमाल धरून, "ताई, घाई करू नकोस, कारखाना वर्षभर बंद ठेव, मग बघू." ठेवला असता बंद, तर आज तिथे कुणाचं तरी गोदाम असतं आणि मी तुझ्याकडे माळ्यावर पसारा आवरत बसले असते.

तुला वाटतं मी उधळतेय. बाईमाणूस आहे, कुणीतरी आवरायला हवं. सगळ्या जगाला पाणी वाचवा म्हणून उपदेश करायचा आणि बहिणीनं वाचवलं की हात आखडता घ्यायला सांगायचं, ही कुठली रीत?

दुसऱ्या टाकीची ऑर्डर आज सकाळी दिली. मनात होतं पावसाळ्यानंतर करायचं, पण तुझं पत्र आल्यावर म्हटलं, आत्ताच. त्यासाठी डिलिव्हरीची व्हॅन विकली. माल भाड्याच्या टेम्पोनं जाईल, माझं काही अडत नाही.

वहिनीला आशीर्वाद. तुला नाहीत.

ताई

५ मे

ताई,

दुसरी टाकी बसल्याचं तुझ्या चार ओळींच्या कार्डावरून कळलं. पाण्याचा वापर निम्म्यावर आला म्हणतेस. मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाच आहे. तरी रात्री डोळा लागत नाही, एवढंच.

टाकीबद्दलचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. मॅडमना जाऊन तसं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. काम माझ्याकडेच ठेवलं, कारण दुसऱ्या कुणाला ते गणित येत नाही, पण सुनावणी होईल तेव्हा मी खोलीच्या बाहेर बसायचं असं ठरलं. ठीकच आहे.

तू उधळतेस असं मला कधीही वाटलेलं नाही. भाऊजी गेले तेव्हा मी घाबरलो होतो, तू नाही. यावेळचं कारण वेगळं आहे आणि मी ते सांगू शकत नाही. तू माझ्यावर चिडलेली राहा, चालेल. फक्त माणसं सांभाळून ठेव.

ढब्बू

१४ ऑगस्ट

ढब्बू,

आमच्या गल्लीतलं गटार स्वच्छ झालंय.

तू हसशील. लग्न होऊन आले तेव्हापासून हे गटार मी लाल पाहिलं, निळं पाहिलं, दोन्ही मिळून चिखलासारखं पाहिलं, पण त्याचा तळ कधी दिसला नव्हता. गेल्या सोमवारी दिसला. दुधाच्या दुकानातली बाई म्हणाली, "ताई, रंगाचं काम बंद पडलं की काय?" बंद कुठलं! जांभळ्याचा पंप चालू, त्याच्या शेजारच्याचा चालू, कोपऱ्यावरच्या दोघांचे चालू. कापडाला न शिवलेलं पाणी जमिनीतून वर येतंय, मीटरमधून जातंय आणि थेट गटारात.

मुकादमानं जाऊन चौकशी केली. तुमच्या आराखड्याचा मसुदा फुटलाय. या वर्षी ज्याचं मीटर जितकं फिरेल, त्यातला चौथा हिस्सा कापून उरलेलं पाणी त्याला पुढे कायमचं. म्हणून जो तो मीटर फिरवतोय. आणि ज्या मूर्ख बाईनं व्हॅन विकून आपला वापर निम्मा केला, तिला त्या निम्म्यातलंही पाऊण मिळणार. तेवढ्यात अर्धी माणसं घरी पाठवावी लागतील.

तुला माहीत होतं. "पुढच्या वर्षी कर." आता कळलं मला! एक वाक्य तू धड लिहू शकला नाहीस?

काल दुपारी सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुकादम बोलला, "बाई, आपणही नळ सोडू. अजून साडेचार महिने आहेत. आकडा भरून निघेल." इस्त्रीवरची बाई तर हातच जोडत होती, तिची मुलगी यंदा कॉलेजला गेलीय. मी मागच्या अंगणात गेले आणि मोठा नळ पूर्ण सोडला. पाणी फरशीवरून धावत बाहेर गेलं. मी बघत राहिले. थोड्या वेळानं बंद केला आणि आत येऊन म्हटलं, माझ्याच्यानं होणार नाही. सगळे आपापल्या कामाला परत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी पंपानं पाण्याऐवजी हवा ओढली. पाणी इतकं खाली गेलंय.

आता सांग, मी काय करू? आणि यावेळी कुलूप काढून सांग.

ताई

२१ ऑगस्ट

ताई,

हो. फेब्रुवारीपासून माहीत होतं.

एक ओळ लिहिली असती तर तू वाचली असतीस. मी लिहिली नाही. लिहिली असती, तर आज जांभळ्या जे करतोय ते तू सगळ्यात आधी केलं असतंस, तेही माझ्या सांगण्यावरून, आणि नियम होता तसाच राहिला असता. तुझी काय अवस्था होईल ते दिसत असूनही मी गप्प बसलो. माझ्यावर राग धरायचा तुझा हक्क आहे. तो तू नीट वापरशील याची मला खात्री आहे.

आता मसुदा जाहीर झालाय, म्हणून मोकळेपणानं लिहितो. पाणी वाटायला काहीतरी आधार लागतो. आराखडा ठरवणाऱ्या समितीनं सगळ्यात सोपा धरला: आजवर जो जितकं वापरतो त्यावर सगळ्यांना सारखी कात्री. ऐकायला न्याय्य वाटतं. पण जो उधळतो त्याला कापायला भरपूर असतं, आणि जो आधीच काटकसर करतो त्याचा गळाच कापला जातो. हे मी पहिल्या बैठकीत म्हटलं, दुसऱ्या बैठकीत म्हटलं. उत्तर आलं, "वेळ कमी आहे."

माझा दुसरा प्रस्ताव अजून टेबलावर आहे. मागे कुणी किती उपसलं ते विसरायचं. एक किलो कापड रंगवायला किती पाणी लागायला हवं ते ठरवायचं, आणि ज्याचं जितकं कापड त्याला तितकं पाणी. मग गटारात सोडलेल्या पाण्याचा कुणाला उपयोग नाही आणि वाचवणाऱ्याला शिक्षा नाही. पण मी दिलेला आकडा बघून समितीतले लोक हसले. म्हणाले, इतक्या कमी पाण्यात कापड रंगतं ते फक्त पुस्तकात. तो आकडा तुझ्या कारखान्याच्या जवळपासचा आहे, आणि तेच मला बोलता येत नाही, कारण तू माझी बहीण.

सुनावणी ३ ऑक्टोबरला आहे. ज्याचं तुझ्याशी काही नातं नाही, ज्याला तुझं भलं व्हावं असं वाटायचं कारण नाही, असा माणूस उभा राहून "मी हे चालताना पाहिलंय" म्हणाला तरच ते ऐकतील. असा माणूस तुझ्या समोरच राहतो. त्याला टाक्या दाखवायच्या म्हणजे तुझी सगळी पुंजी त्याच्या हातात द्यायची, हे मला कळतं. तो तुझ्या दसपट कापड रंगवतो. वर्षभरात तो तुझ्यापेक्षा स्वस्त माल देईल.

मी सांगितलं. ठरव तू.

ढब्बू

१२ सप्टेंबर

ढब्बू,

दोन आठवडे मी तुझं पत्र पोळ्यांच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात रस्ता ओलांडला.

जांभळ्या आपल्या ऑफिसात पंख्याखाली बसला होता. मला बघून उठलाच. इतक्या वर्षांत म्हातारा झालाय रे, कान केवढे मोठे दिसायला लागलेत. मी खुर्चीवर बसले नाही. म्हटलं, "पंप कशाला चालवता?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

"पंपाला पाणी अजून लागतंय का?"

तो म्हणाला, "परवापासून माझाही हवा ओढतोय. विजेचं बिल बघून मुलगा भांडतो. पण बाई, मी बंद केला आणि शेजारच्यानं चालू ठेवला तर? आधी बंद कोण करणार?"

"मी कमी केलाय ना," म्हटलं. "या वर्षी फेब्रुवारीतच. या, बघायला या."

दुसऱ्या दिवशी आला, आणि सोबत कोण? माझा फोडून नेलेला रंगारी! मान खाली घालून उभा होता गाढव. मी म्हटलं, वर बघ, नाहीतर टाकी दिसणार कशी? सगळं दाखवलं. पिवळ्यापासून सुरुवात, कुठलं पाणी कुठे जातं, दुसऱ्या टाकीत गाळ कसा बसवायचा, कापडावर डाग पडू नये म्हणून काय काळजी घ्यायची. जांभळ्यानं ओलं कापड हातात घेऊन पांढऱ्या रुमालावर घासलं. रुमाल पांढराच राहिला. त्यानं पुन्हा घासलं. मग मीटरपाशी जाऊन उकिडवा बसला तो उठेचना. मला वाटलं, कंबर धरली. पण तो आकडा वाचत होता.

जाताना म्हणाला, "मी येतो सुनावणीला." मी विचारलं, "का?" तर म्हणाला, "मला झोप हवी आहे."

सगळं दाखवलं म्हटलं ते खोटं. काळ्या रंगाचा हौद ताडपत्री टाकून झाकून ठेवला होता. तो ह्यांचा आहे. तो कुणाला दाखवायचा नाही.

मुकादम माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग आपणहून म्हणाला, "बाई, शिकवायचंच आहे तर त्यांच्या लोकांना नीट शिकवू, अर्धवट शिकून कापड खराब केलं तर नाव आपलं जाईल."

ताई

२५ सप्टेंबर

ताई,

३ तारखेला मी त्याच इमारतीत असेन, दुसऱ्या मजल्यावर, खोलीबाहेरच्या बाकावर. दार जाड आहे, आतलं बाहेर ऐकू येत नाही. सुनावणी संपेपर्यंत आपण बोलायचं नाही, आणि कृपा करून माझ्यासाठी डबा आणू नकोस, लोक बघतात.

आत कुणी कितीही तिरकं विचारलं तरी चिडू नकोस. निदान पहिली पाच मिनिटं.

ढब्बू

५ ऑक्टोबर

ढब्बू,

बाकावर बसून नखं खाताना पाहिलं तुला. पन्नाशी आली तरी ती सवय गेली नाही. निकाल लागला की तुला आकडे कळतीलच, पण आत काय झालं ते तुला कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले.

आधी जांभळ्या बोलला. तुझ्यासारखं घुमवून बोलत नाही तो. म्हणाला, "मी या बाईंचा हितचिंतक नाही. त्यांचा माणूस मी पळवला. पण तुमचा आकडा पुस्तकातला नाही, तो यांच्या मागच्या अंगणात आहे. तुमच्या नियमामुळे मी दोन महिने चांगलं पाणी गटारात ओततोय आणि मला त्याची लाज वाटते. थांबायचं म्हटलं तर थांबता येत नाही. नियम बदला, मी आज पंप बंद करतो." मागे बसलेल्या रंगाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. कोपऱ्यावरचा उभा राहून म्हणाला, "मीही."

मग समितीतले एक चष्मेवाले साहेब माझ्याकडे वळले. गोड आवाजात म्हणाले, "तुमचे बंधू याच खात्यात आहेत ना? त्यांनी तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?"

तुझ्या मॅडम टेबलाकडे बघत होत्या. तू सांगितलेली पाच मिनिटं झाली होती, पण मी चिडले नाही. म्हटलं, "सांगितलं होतं, साहेब. फेब्रुवारीत. दुसरी टाकी यंदा करू नकोस, असं लिहिलं होतं. कारण लिहिलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात टाकी मागवली. तुमचा नियम मला आधी कळला असता, तर माझं मीटर गल्लीत सगळ्यात जोरात फिरलं असतं. ते सगळ्यात कमी फिरलंय. बघून घ्या."

मॅडम म्हणाल्या, "ती गोष्ट त्यांनी तेव्हाच येऊन मला सांगितली आहे. नोंद आहे." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला, किलोला किती पाणी लागतं तो. तो प्रश्न माझ्या आवडीचा होता.

ढब्बू, मला तुझा राग आला होता, खूप आला होता. अजूनही थोडा आहे. पण त्या खोलीत तुझ्याबद्दल बोलताना माझी मान ताठ होती. एवढं तुला कळायला हवं.

ताई

१० डिसेंबर

ताई,

निकाल लागला. किलोमागे पाणी, सगळ्यांना सारखं, जानेवारीपासून. यंदाची मीटरं कुणी बघणार नाही. तू जिंकलीस.

आता पुढचं. हे उद्या जाहीर होईल, पण मॅडमनी आज कळवायची परवानगी दिली, आणि यावेळी मी आडून सांगणार नाही. सगळे रंगारखाने तुझ्याइतक्या पाण्यात चालले, असं धरून मी बेरीज केली. पाऊस जमिनीत जितकं भरतो त्यापेक्षा ती अजून जास्त येते. चूक सापडावी म्हणून तीनदा केली. गणित बरोबर आहे. म्हणून किलोमागचा आकडा तुझ्या आजच्या वापराच्याही एक दशांश खाली ठरलाय. तुलाही खाली यावं लागेल. माझ्या बहिणीनं आधीच पुष्कळ केलंय, असं मी जमिनीला सांगू शकत नाही.

जांभळ्याच्या टाक्या तयार होताहेत असं ऐकलं. तुझी दोन मोठी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली असंही ऐकलं. मला वाईट वाटतं. तरी आकडा तोच आहे.

ढब्बू

२८ डिसेंबर

ढब्बू,

तुझं पत्र मी कारखान्यात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मुकादमानं तुला दिलेली शिवी इथे लिहीत नाही. गिऱ्हाइकं दोन नाही, तीन गेली.

एक दशांश कुठून काढायचा हे मला वाचतानाच कळलं होतं, म्हणून आठ दिवस कुणाशी बोलले नाही. काळा. ताडपत्रीखालचा. उन्हात न विटणारा, घामानं न सुटणारा काळा, ह्यांनी किती वर्षं डोकं लावून बसवला तो. लांबलांबची माणसं आपल्याकडे यायची ती काळ्यासाठी. तो धुवायला किती पाणी लागतं ते मी सुनावणीत बोलले नाही, कुणी विचारलंही नाही. किलोमागे लाल, पिवळा, निळा मिळून जितकं लागतं तितकं एकट्या काळ्याला लागतं. आणि त्याचं पाणी दुसऱ्या कशालाच चालत नाही.

मंगळवारी सांगितलं, काळा बंद. मुकादम ह्यांच्या हाताखाली काळा शिकला होता. तो उठून बाहेर गेला आणि डोळे धुऊन आला. जांभळ्यापर्यंत बातमी गेली. तो संध्याकाळी आला, म्हणाला, "तुम्ही करत नाही तर कृती मला द्या, पाहिजे ते देतो." मी नाही म्हटलं. राग म्हणून नाही. त्याच्या हौदात गेलं तरी पाणी तेच जाणार. त्यानं मान हलवली. पुन्हा मागितली नाही.

गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन केले. काळा मिळणार नाही, निळा घ्या, निळा आता आम्ही फार चांगला करतो. निम्म्यांनी हो म्हटलं. उरलेल्यांना जानेवारीत जाऊन भेटेन.

शेवटचा काळा काल काढला. धुवायला मी स्वतः उभी राहिले, कुणाला हात लावू दिला नाही. किती पाणी लागतं रे त्याला! वाया जाताना बघवत नव्हतं, आणि संपू नये असंही वाटत होतं. खूप रडले. मग पाणी नितळ यायला लागलं, तेव्हा नळ बंद केला.

मुकादमानं हिशेब केलाय. पहिल्या तारखेपासून आम्ही तुमच्या आकड्याच्या आत आहोत. मॅडमना सांग.

ताई